आजीची शुगर आणि आजीची आठवण

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आजचा विषय घरातूनच आलाय.

मागच्या नवरात्रात हर्सूलच्या हरसिद्धी मातेचं दर्शन घेऊन आजी घरी आली आणि मला बाबांच्या नावानं हाक मारायला लागली. अंगाला घाम, बोलणं तुटक. मी म्हटलं, वय झालं, विसरतेय. आई म्हणाली, "आधी शुगर बघ." मशीनवर ५२! उपास कडक, पण सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र न चुकता घेतलेली. साखरपाणी पाजलं (गिळता येत होतं म्हणून, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना). पंधरा-वीस मिनिटांत आजी परत आमची आजी.

मेंदूला ग्लुकोज फारसं साठवता येत नाही, ते रक्तातूनच सतत लागतं. म्हणून शुगर ७० च्या खाली गेली की म्हातारी माणसं गोंधळतात आणि आपण त्याला म्हातारचळ म्हणतो. उलट, वर्षानुवर्षं शुगर चढलेली राहिली तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले, त्यात मधुमेह आहे. शिवाय मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यानंही विसरायला होतं. ते तपासून घ्या.

डॉक्टरांनी आजीची गोळी बदलली. म्हणाले, या वयात एचबीएवनसी साडेसहाचा हट्ट नको, आठच्या आत पुरे.

आजी यंदाही नऊ दिवस धरणार म्हणते. भगरीवर तडजोड होतेय का, बघू.