पेटीतली पदके



मुलुखातल्या आपल्या सिनेगॉगचा वर्धापनदिन आपण इथे मनुरेव्यात, भाड्याच्या हॉलमध्ये का होईना, साजरा करीत आहोत. या प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान दिलात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही विषय घेतला आहे दुसऱ्या महायुद्धाचा. सिनेगॉगच्या वाढदिवशी लढाईचे बोलणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग 1796 साली बांधले ते सामाजी हसाजी दिवेकर या फौजी माणसाने. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी ते बांधले, ही हकीकत आपण सगळेच ऐकत वाढलो. तेव्हा लढाई आपल्याला अगदीच परकी नाही.

खरे निमित्त वेगळे आहे. इथे 25 एप्रिलला, अॅन्झॅक दिनी, लोक पहाटेच्या अंधारात स्मारकापाशी जमतात. स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर लावायची आणि वडिलांची वा आजोबांची असतील तर उजव्या, अशी इथली रीत आहे. मागे एका वर्षी आमच्या शेजारचा माओरी मुलगा आजोबांची पदके लावून उभा होता. त्याने आमच्या नातीला विचारले, "तुमचे कोणी नव्हते का लढाईत?" ती आमच्याकडे बघू लागली, आणि आम्ही गप्प राहिलो.

होते ना! आमचे काका लष्करी हॉस्पिटलात कंपाउंडर होते, आधी मिसरात, मग इटलीत. त्यांची पदके पत्र्याच्या पेटीत, रेशमी साडीच्या घडीखाली असत. त्यांत सहा टोकांचे तारे होते. लहानपणी आम्हांला ते मागेन दाविदच वाटत. पण काकांनी ती कधी छातीवर लावली नाहीत. 1946 साली ते परत आले तेव्हा मुंबईत वारे निराळे होते. इंग्रजांची चाकरी करून आला, असे लोक तोंडावर म्हणत नसत, पण काकांना ते ऐकू येई.

त्यात लोकांचेही अगदीच चुकत होते असे नाही. 3 सप्टेंबर 1939 ची गोष्ट घ्या. त्या दिवशी न्यूझीलंडच्या सरकारने स्वतः ठरवून युद्ध पुकारले. हिंदुस्थानात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. त्यावरूनच मुंबईत खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. आपले सरकार आपण निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असे तिच्यात होते. महिन्याभरात चर्चिल पार्लमेंटमध्ये म्हणाले की तो भाग हिंदुस्थानाला उद्देशून नाही. सिंगापूर पडल्यावर 1942 च्या मार्चमध्ये क्रिप्ससाहेब आले आणि रिकाम्या हाताने गेले. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. आपल्यातल्या कित्येकांचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते.

आता त्याच उन्हाळ्यात मिसरात काय चालले होते ते पाहा. रोमेल अलेक्झांड्रियापासून सुमारे 100 किलोमीटरवर, अल अलामेनला येऊन ठेपला होता. 1 जुलैला देर अल शेन इथे 18 व्या हिंदी ब्रिगेडने त्याला दिवसभर अडवून धरले. त्यात ती ब्रिगेड जवळजवळ नाहीशी झाली. पण तो एक दिवस मोलाचा ठरला. 14 जुलैच्या रात्री रुवेसातच्या टेकाडावर न्यूझीलंडचे आणि हिंदी जवान शेजारी शेजारी चढून गेले. ही फळी फुटली असती तर पुढे सुएझ, आणि त्यापुढे एरेत्झ इस्राएल. त्याच महिन्यात राउफ नावाच्या एस.एस. अधिकाऱ्याची तुकडी अथेन्समध्ये तयार ठेवलेली होती. रोमेलच्या पाठोपाठ जायचे आणि तिथल्या यहुद्यांना संपवायचे, एवढेच तिचे काम. हे जगाला नीट कळले ते फार वर्षांनी. काकांना तर ते कधीच कळले नाही. नोव्हेंबरात रोमेल मागे हटला आणि ती तुकडी तिथे पोचलीच नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, गवालिया टँकवरची माणसेही बरोबर होती आणि रुवेसातवरचीही. हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे मुलांना समजावणे कठीण जाते. आम्हांलाच ते समजायला आयुष्य गेले.

1943 च्या अखेरीस तेहरानला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले. मुख्य हल्ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर करायचा, हे तिथे पक्के झाले आणि इटलीची आघाडी दुय्यम ठरली. पण दुय्यम आघाडीवर माणूस काही कमी मरत नाही. कॅसिनोला 4 थी हिंदी डिव्हिजन न्यूझीलंडच्या जनरल फ्रेबर्ग यांच्या हाताखाली होती. 15 फेब्रुवारी 1944 रोजी बॉम्बफेकीने डोंगरावरचा मठ उद्ध्वस्त झाला. 17 तारखेच्या रात्री राजपुताना रायफल्स आणि गुरखे वर मठाच्या बाजूने चढत होते, आणि खाली माओरी बटालियनच्या दोन कंपन्या रेल्वे स्टेशनावर चालून गेल्या. त्या दोन कंपन्यांतले निम्म्याहून अधिक मेले किंवा जखमी झाले. शेवटी 18 मे रोजी मठावर पोचले ते पोलिश सैनिक.

या पोलिश लोकांचे एक सांगायलाच हवे. रशियाच्या छावण्यांतून सुटलेल्या त्यांच्या बायकामुलांपैकी हजारो कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली होती. आणखी 733 मुले मुंबईत बोट बदलून वेलिंग्टनला आली आणि 1 नोव्हेंबर 1944 पासून इथल्या पाहियाटुआच्या छावणीत राहिली. मठ जिंकणाऱ्यांच्या देशाचे भवितव्य पुढे फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला ठरले, आणि त्या बैठकीत पोलंडचा कोणी माणूस नव्हता. न विचारता ठरवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

आणि आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, नाव घेतल्यावाचून पुढे कसे जावे? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे मशीनगनपुढे पडले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्या, नवे मॅगझिन भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. ठाणे घेतले आणि तिथेच लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्यांनी गेले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच आरेत्झोच्या बाजूला त्याच आठवड्यात न्यूझीलंडची डिव्हिजन मोर्चावर येत होती. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदी तर दोघांनी एकदमच ओलांडली. तिथे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणले, मग एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावे इथल्या शाळेत कोणी सांगत नाही. ती आपणच सांगायची आहेत.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशा पेट्या असणार. मुंबईत, पुण्यात, नाहीतर अश्दोदला भावंडांकडे राहिल्या असतील, तर पत्र टाका, फोन करा. फिती कुजल्या असल्या तर नव्या मिळतात. तारे ब्रासोने घासू नका, ओल्या फडक्याने पुसा. आमच्या काकांचे तारे पुतण्याने मुंबईहून पाठवले आहेत. आज ते इथे टेबलावर ठेवले आहेत, चहाच्या वेळी जरूर पाहा. येत्या 25 एप्रिलला आमची नात ते उजव्या बाजूला लावणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी पहाटे पाचला आमच्या दारी यावे. थंडी असते, स्वेटर विसरू नये. परतल्यावर गेलेल्यांसाठी हाश्काबा म्हणू आणि मग चहा-पोहे होतील.