आधी गोष्ट, मग चित्रपट



खेड्यातील मूल आज गोष्ट ऐकण्यापूर्वी ती पाहते. आजीच्या तोंडून राजाराणीची कथा कानी पडण्याच्या आतच राजाचा चेहरा, राणीचा शालू आणि राक्षसाचे दात त्याने घरातील दूरदर्शनच्या पडद्यावर किंवा वडिलांच्या मोबाईलवर पाहिलेले असतात. याबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे आहे; परंतु हळहळीने वर्ग चालत नाही. गोष्टीचा चित्रपट होतो तेव्हा मुलाला काय मिळते, त्याच्या हातून काय निसटते आणि निसटलेले परत मिळवून देण्याचे काम कोणाचे, याचा विचार करणे अधिक उपयोगी आहे. ते काम शिक्षकाचे आहे, हे या विवेचनाचे सार होय.

चित्रपट आणि कथा यांचे महाराष्ट्रातील नाते चित्रपटाच्या जन्माइतकेच जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट दाखविला. त्याचे कथानक सर्वांच्या परिचयाचे होते. कीर्तनकारांनी व घरातील वडीलधाऱ्यांनी ते पिढ्यान् पिढ्या सांगितले होते. हरिश्चंद्राचा पुत्र रोहिदास याची भूमिका फाळक्यांच्याच मुलाने केली. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्यानंतर १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तोही हरिश्चंद्राच्याच कथेवर. चार वर्षांनी, १९३६ साली, त्याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला आणि जत्रेजत्रेतील तंबूंतून खेडोपाडी पोचला.

फाळक्यांच्या चरित्रातील एक प्रसंग शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावा. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी मूकपट पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. हे कसे घडले? पडद्यावर कृष्ण नव्हता. तो फाळक्यांच्या मनात होता, आणि मनात तो ऐकलेल्या कथांनी बसविला होता. या देशातील पहिला मोठा चित्रपटकार घडला तो आधी गोष्टी ऐकून. ज्याच्या मनात स्वतःची चित्रे आहेत त्यालाच दुसऱ्याचे चित्र पाहून नवे काही सुचते. ज्याच्या मनाची भिंत कोरी आहे तो जे दिसेल ते तेवढेच घेऊन घरी जातो.

आता प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली प्रथमच दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. या यशामागे एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. पुस्तक लिहिणारा शिक्षक होता आणि चित्रपट काढणाराही शिक्षक होता. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात मुलांना शिकवीत होते. अत्रे पुण्यात एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि ‘नवयुग वाचनमाले’मुळे त्यांचे नाव मुलांच्या दप्तरात पोचले होते. मुलासमोर काय ठेवावे आणि कसे ठेवावे हे दोघांनीही वर्गात शिकून घेतले होते.

तरीही पुस्तक आणि चित्रपट ही एकच वस्तू नव्हे. पुस्तकाची रचना पाहावी. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा बेचाळीस रात्री. दिवसाची कामे उरकली की आश्रमातील मित्र जमतात आणि मोठा झालेला श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे या पुस्तकात दोन श्याम आहेत. एक पालगडचा लहान, हट्टी, भित्रा, कधी खोटे बोलणारा मुलगा. दुसरा, त्या मुलाकडे वळून पाहणारा, आईला आता समजू शकलेला प्रौढ माणूस. पहिला श्याम चुका करतो; दुसरा त्यांचा अर्थ लावतो. मुलांच्या मनाला वळण लागते ते या दोघांच्या संगतीने.

पोहण्याचा प्रसंग घ्यावा. श्याम पाण्याला भितो, पोहायला जायचे टाळून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिमटीने मारते आणि विहिरीवर पाठविते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे, हे तिला सहन होत नाही. श्याम पोहून घरी येतो तेव्हा त्याच्यासाठी तिने दही राखून ठेवलेले असते. वर्गात नुसता मार दाखविला तर मुलांना मार दिसतो. तो त्यांच्या ओळखीचा असतो. काही जण हसतात, काही जण मान खाली घालतात. परंतु मारणाऱ्या हातानेच दही का राखून ठेवले, आणि ज्याने मार खाल्ला त्याने तो इतक्या वर्षांनी कृतज्ञतेने का सांगितला, हे सांगणाऱ्याच्या आवाजातच कळते. पडदा कृती दाखवितो. कृतीकडे वळून पाहणारे मन दाखविणे त्याला कठीण जाते.

या उणिवेची जाणीव चित्रपटकारांनाही असते. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा प्रौढ साने गुरुजी त्यात एक पात्र म्हणून आले. ती भूमिका ओम भूतकर यांनी केली. १९५३ चा चित्रपट कृष्णधवल होता, कारण तो काळच तसा होता. २०२३ चा चित्रपट कृष्णधवल झाला तो मुद्दाम. एकच पुस्तक, दोन चित्रपट आणि दोन निरनिराळ्या आया. इयत्ता सातवीच्या वर्गाला दोन्ही चित्रपटांतील एकेक प्रसंग दाखवून ‘तुमच्या मनातील आई यांपैकी कोणासारखी?’ असा प्रश्न विचारावा. ‘कोणासारखीच नाही’ असे एखादे मूल म्हणाले तर शिक्षकाने आनंद मानावा. त्या मुलाने पुस्तक खरोखर ऐकले आहे.

चित्रपटाने जे दिले तेही नाकारू नये. ज्या घरात पुस्तक कधी शिरले नाही त्या घरात श्यामची आई पडद्यावरून शिरली. वसंत देसाई यांच्या संगीताने तिची गाणी खेड्यातील मुलांच्या तोंडी बसविली. द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून श्रीकृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली, ही लोकपरंपरेने जपलेली कथा या चित्रपटातील गाण्यामुळे घरोघर नव्याने पोचली. छडीचे गाणेही याच चित्रपटातील. ते आजही स्नेहसंमेलनात गाजते, आणि शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. गाणे जरूर म्हणावे. परंतु छडीने विद्या येते ही समजूत मागे पडली आहे, आणि श्यामला घडविले ते आईच्या हातातील शिमटीने नव्हे, तिच्या डोळ्यांतील पाण्याने, हे गाण्याबरोबरच मुलांना सांगावे.

सोलापूर जिल्ह्याला या पुस्तकाशी जोडणारा धागा तर फार मोलाचा आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते, ती उचलून तिच्या डोक्यावर देण्यास कोणी पुढे होत नाही, आणि आई श्यामला ते काम करण्यास धाडते, असा प्रसंग पुस्तकात आहे. तो मुलगा मोठा झाला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसला. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे ही त्याची मागणी होती. ज्या चोखोबाची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे, त्या चोखोबाच्या लेकरांना आत जाता यावे म्हणून हा प्राणपणाचा आग्रह होता. १ मे रोजी सुरू झालेले उपोषण १० मे रोजी सुटले आणि मंदिराचे दार उघडले. कोकणातील त्या मोळीपासून पंढरपूरच्या महाद्वारापर्यंतची वाट कोणत्याही पडद्यापेक्षा जिल्ह्यातील शिक्षकच अधिक चांगली दाखवू शकेल. मुलांनी ते दार पाहिलेले असते. त्याच्या उंबरठ्याची ही गोष्ट त्यांना ठाऊक नसते.

याच पंढरपुरात घडणारा ‘एलिझाबेथ एकादशी’ हा चित्रपट परेश मोकाशी यांनी २०१४ साली काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो कोणत्याही जुन्या पुस्तकावर बेतलेला नाही. तरीही कार्तिकी यात्रेची गर्दी, आईच्या शिवणयंत्रावर नव्हे तर विणकामाच्या यंत्रावर आलेली जप्ती आणि लाडकी सायकल वाचविण्यासाठी यात्रेत बांगड्या विकणारी मुले हे सारे पाहताना सोलापूर जिल्ह्यातील मुलाला एक नवी गोष्ट उमगते: आपले गावही गोष्टीत येऊ शकते. ही उमज पुढच्या कामाचे बीज होय.

ते काम कसे करावे? क्रम एवढाच ठेवावा: आधी सांगणे, मग रेखाटणे, मग पाहणे, मग बोलणे. पुस्तकातील एक प्रसंग शिक्षकाने पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत सांगावा. त्या दिवशी काहीही दाखवू नये. दुसऱ्या दिवशी मुलांनी पाटीवर किंवा कागदावर आपल्या मनातील घर, विहीर, आई काढावी. कोकणचे घर न पाहिलेले मूल माढ्याचे किंवा सांगोल्याचे माळवद काढील. ते चूक मानू नये. तिसऱ्या दिवशी त्या प्रसंगाचा दहा-पंधरा मिनिटांचा चित्रभाग दाखवावा. संपूर्ण चित्रपट एका बैठकीत दाखविण्याचा मोह टाळावा. त्यानंतर तीनच प्रश्न पुरेत: गोष्टीतले काय पडद्यावर आले नाही? पडद्यावर काय नवे आले? तुम्ही चित्रपट काढला असता तर काय ठेवले असते?

शेवटच्या प्रश्नासाठी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा हाताशी आहे. दुष्काळात पंतांनी बादशहाच्या धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, त्यांना बेदरला बोलावणे आले, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम भरली, अशी ती परंपरागत कथा. वर्गाने तिचे प्रसंग पाडावेत. पहिला प्रसंग कोणता? कोठाराचे कुलूप की दारातील भुकेले मूल? किल्ली फिरविण्यापूर्वी पंतांच्या मनात काय आले असेल, आणि ते पडद्यावर कसे दाखवाल? या प्रश्नावर वर्ग घुटमळेल. तेथेच मुलांना कळेल की काही गोष्टी दाखवून नव्हे, सांगूनच पोचतात.

अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत मुलांची घरची भाषा पुष्कळदा कानडी असते, तर सोलापूर शहरातील विणकर वस्तीत ती तेलुगू असते. शाळेतील चित्रपट मराठी असतो. अशा मुलाला घरी जाऊन आजीला एक गोष्ट विचारून आणण्यास सांगावे. वाघाला दिलेला शब्द पाळण्यासाठी वासराला सोडून परत जाणाऱ्या पुण्यकोटी गाईची कथा कानडी मुलखात सर्वांच्या ओठी आहे. अशी कथा मुलाने मोडक्यातोडक्या मराठीत वर्गापुढे सांगितली, तर त्या दिवशी वर्गातील सर्वांत श्रीमंत मूल तेच ठरेल. कारण ती कथा त्याच्याखेरीज कोणाकडेच नसेल.

एका बाबतीत मात्र फार जपले पाहिजे. ‘श्यामची आई’ आईच्या मृत्यूने संपते, आणि त्या वेळी श्याम तिच्याजवळ नसतो. वर्गात एखादे आईविना वाढणारे मूल असते. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले चार-पाच महिने आजीजवळ राहतात. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, गंभीर संगीतासह तो शेवट अशा मुलासमोर एकाएकी आला तर तो त्याला पेलवत नाही, आणि चित्रपट कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही. सांगणारा थांबू शकतो. समोरच्या डोळ्यांत पाणी दिसताच तो आवाज उतरवितो, प्रसंग पुढे नेतो, किंवा पुस्तक मिटून त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसतो.

चित्रपट उत्तम असला तरी तो सर्वांना एकच गोष्ट, एकाच गतीने सांगतो. शिक्षक मात्र समोर बसलेल्या त्या तीस मुलांना गोष्ट सांगतो, आणि त्या तिसांची नावे त्याला ठाऊक असतात. तेव्हा प्रक्षेपकाची कळ दाबण्यापूर्वी प्रत्येक शाळेत एकदा तरी दिवे चालू ठेवून, मुलांच्या तोंडाकडे पाहत, गोष्ट सांगितली जावी.