मातीचा बैल



अंगणवाडीच्या ताईंना पालक नेहमी विचारतात, "ताई, पोराला शिकायला धाडलं, अन् ते तर चिखलाचे बैल करतंय! चिखल काय घरी नव्हता?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज सांगतो.

तुम्ही मोठेपणी लिहायला शिकलात. पहिला दिवस आठवा. नांगर धरणारा, भाकरी थापणारा हात तुमचा. पण पेन्सिल धरली, की बोटे आखडत. रेघ वाकडी जाई. अक्षर डोळ्यांना दिसे, पण बोटांत येत नसे. लिहिणे हे डोक्याचे काम आहे, तसे बोटांचेही आहे.

लहान मुलांची बोटे कोवळी. माती मळताना त्यांच्या तळहाताला जोर येतो. बैलाची शिंगे काढताना चिमटीला वळण लागते. दोऱ्यात फुले ओवताना डोळा आणि बोट मेळाने चालतात. पुढे त्याच चिमटीत पेन्सिल येते. बैलाला पाय किती, शिंगे किती, हे मोजताना आकडेही कळतात.

इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाई होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहराच्या गरीब वस्तीत बालघर काढले. मुले हातांनी काम करत शिकतात, हे त्यांनी जगाला दाखवले. पण त्यांची साधने महाग. ती खेड्याला कशी परवडणार?

ताराबाई मोडक यांनी वाट काढली. १९४५ साली त्यांनी बोर्डी गावी काम सुरू केले. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच त्यांनी साधने केली. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

बोर्डीला समुद्र आहे, म्हणून तिथे शिंपले. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्वारीचे शिवार आहे. ज्वारीच्या वाळल्या धाटांची बैलगाडी करता येते. चिंध्यांची बाहुली होते. गेरू आणि हळद हे घरचे रंग. पैसा लागत नाही.

मात्र काळजी घ्या. धाटाची साल बोट कापते. ती मोठ्यांनी सोलून द्यावी. चिंचोके, मणी पोरं नाकातोंडात घालतात. म्हणून मोठे माणूस जवळ हवे. गुंजा आणि एरंडीच्या बिया तर मुळीच देऊ नका. त्या विषारी असतात.

आणि एक सांगणे. पोराने घरी आणलेला बैल वेडावाकडा असेल. त्याला हसू नका, तो फेकू नका. "याचं नाव काय? हा कुणाच्या गाडीला जुंपायचा?" असे विचारा. पोर बोलू लागेल. पोरगी असेल, तर तिलाही हेच विचारा. धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला घरी ठेवू नका.

मग तो बैल देवळीत ठेवा. एका चिठ्ठीवर मुलाचे नाव तुमच्या हाताने लिहा. चिठ्ठी बैलाजवळ ठेवा आणि नाव मुलाला वाचून दाखवा.

एवढे आज घरी गेल्यावर करा.