कालव्यावरचा पूल

आज मी तुमच्याशी पुलाबद्दल बोलणार आहे. कवी माणूस पुलाबद्दल बोलायला लागला की श्रोत्यांना वाटतं, आता हा दोन मनं जोडणार. घाबरू नका. मी विटांच्या, चुन्याच्या, बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलाबद्दलच बोलणार आहे.

नदीवरचा पूल आणि कालव्यावरचा पूल यांत मोठा फरक असतो. नदी आधी असते, गाव तिच्या काठाने नंतर वसतं. उतार कुठे, डोह कुठे, नाव कुठे लागते हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. कालव्याचं उलटं. तिथे गाव आधीचं. एके दिवशी मोजणीदार येतात, खुंट्या ठोकतात, आणि त्या रेषेच्या अलीकडे घर राहतं, पलीकडे शेत. माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला. म्हणून कालवा काढणाऱ्याला पूल बांधून द्यावाच लागतो. नदीवरचा पूल ही सोय असते. कालव्यावरचा पूल ही भरपाई असते.

उत्तरेत हरिद्वारहून निघून रुरकीवरून दुआबात उतरणारा गंगेचा कालवा पाहिला की हे फार स्पष्ट कळतं. त्याला तिकडे ‘गंगनहर’ म्हणतात. रुरकी गावाच्या तर त्याने सरळ दोन फाका केल्या आहेत. बाजार, कॉलेज, कचेरी, काही म्हणा, दिवसातून दोनदा तरी माणूस पूल ओलांडतोच.

या कालव्याचा जन्म भुकेतून झाला. १८३७-३८ साली दुआबात दुष्काळ पडला. आठ लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. कंपनी सरकारचा महसूलही बुडाला, आणि मग सरकारला पाण्याची आठवण झाली. काम आलं प्रोबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याकडे. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. शिवालिकच्या टेकड्यांत प्राचीन जनावरांची हाडं शोधण्याचा त्याला नाद होता आणि त्यात त्याचं मोठं नावही झालं होतं. पण यमुनेच्या जुन्या मोगल कालव्याच्या दुरुस्तीवर तो घडला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण उत्तरेत कालवे इंग्रजांनी आणले असा एक समज आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात कालवा काढला होता; शाहजहानच्या काळात अली मर्दान खानाने दिल्लीपर्यंत पाणी नेलं. आपल्याकडे मलिक अंबरची नहर आहेच. ‘पूल’ हा शब्दसुद्धा फारसीतून आलेला. मराठीत तो इतका मुरला आहे की त्याला कुणी गाव विचारत नाही.

कॉटलीने १८३९ मध्ये सहा महिने पायी आणि घोड्यावरून सगळा मुलूख मोजला. एप्रिल १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. विटा नव्हत्या, चुना नव्हता. सगळं जागेवर करायचं. एक गव्हर्नर जनरल पैसे देई, पुढचा हात आखडता घेई. त्यात हरिद्वारच्या पुरोहितांनी हरकत घेतली की बांध घालून तुम्ही गंगेला कोंडणार. कॉटलीने बांधात एक फट ठेवून पाणी वाहतं राहील असं कबूल केलं, घाट दुरुस्त करून दिले आणि कामाला गणेशपूजनाने सुरुवात केली. तो श्रद्धाळू होता म्हणून नव्हे. लोकांशिवाय काम होत नाही हे त्याला कळत होतं म्हणून. पुढे नव्या बांधकामांवरून हाच वाद पुन्हा उठला, तेव्हा मदनमोहन मालवीय उभे राहिले आणि १९१६ साली सरकारला समझोता करावा लागला.

आता खरी गंमत. हरिद्वार ते रुरकी हा टापू म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांचा. आठ महिने कोरडे, पावसाळ्यात पिसाळलेले. कालव्याला ते आडवे येणारच. राणीपूर आणि पथरी इथे ओढ्याला कालव्याच्या डोक्यावरून नेलं. खाली कालवा, वर ओढा. रुरकीला उलटं केलं. सोलानी नदी खालून जाते आणि तिच्यावरून, पन्नास फुटांच्या पंधरा कमानींवरून, अख्खा कालवा वाहतो. नदीवर पूल आणि पुलावर पाणी! दोन्ही टोकांना दगडी सिंह बसवले आहेत. धनौरीला मात्र वर-खाली काहीच शक्य नव्हतं. तिथे रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर समोरासमोर भेटतात. मध्ये दारं आहेत. पूर आला की कालव्याची दारं लावायची, नदीची उघडायची. पूर ओसरला की पुन्हा उलट. वरून जाणं सोपं, खालून जाणंही सोपं. बरोबरीने जायचं तर दारापाशी कुणीतरी रात्रभर जागं राहावं लागतं.

सोलानीच्या कामावर माती ओढायला विलायतेतून वाफेचं इंजिन मागवलं होतं. २२ डिसेंबर १८५१ ला ते धावलं. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटण्याच्या सव्वा वर्षाहून अधिक आधी. काही महिन्यांत ते निकामी झालं आणि उरलेली माती पुन्हा माणसांच्या डोक्यावर आली. ८ एप्रिल १८५४ ला कालवा सुरू झाला. कामावर जाणती माणसं हवीत म्हणून १८४७ मध्ये निघालेलं कॉलेज आज रुरकीची आयआयटी आहे. सगळं बिनचूक झालं असं नाही. सर आर्थर कॉटनने पुढे उतार फार ठेवल्याची टीका केली, आणि ती खरीच होती. वेगवान पाण्याने पुलांचे पाये खरवडले गेले.

रुरकीजवळ याच कालव्याच्या काठी पिरान कलियर आहे. साबिर पाक यांचा दर्गा. ते बाबा फरीद यांचे भाचे आणि शिष्य. सांगतात की मामाने त्यांना लंगरची जबाबदारी दिली. बारा वर्षं त्यांनी लोकांना वाढलं आणि स्वतः घास खाल्ला नाही, कारण वाढ म्हणून सांगितलं होतं, खा म्हणून नाही. म्हणून साबिर, धीर धरणारा. उंबराच्या झाडाशी त्यांचं नातं सांगतात. आपल्याकडे उंबराखाली दत्त असतात, तिकडे साबिर पाक.

अम्माचा जुना नवस होता, म्हणून तिला घेऊन गेलो होतो. दसऱ्याच्या रात्री साफसफाईसाठी गंगनहर बंद करतात, ती दिवाळीपर्यंत. आम्ही नेमके त्याच दिवसांत पोचलो. पुलावर उभी राहून अम्मा म्हणाली, “इसका पानी कां गया रे?” खाली पात्रात माणसं गाळ काढत होती. एरवी पाण्यात बुडालेला पुलाचा भाग उघडा पडला होता. तळाच्या विटांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा दिसत होत्या. मी तिला कॉटली, इंजिन, सिंह सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “माती किसने ढोई?”

अम्मा १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर पाटी, काखेत मी. दुपारी सुकडी मिळे, घरी लाल मिलोची भाकरी. तिचं नाव हजेरीपटावर होतं, आणि तो हजेरीपट आता कुठे असेल कोण जाणे. आमच्या तलावात अजून पाणी असतं.

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मग तिने काठावर बसलेल्या एका गाळ काढणाऱ्यालाच गाठलं. रोज काय मिळतो, ठेकेदार वेळेवर देतो का, दुपारचं जेवण कोण देतं, अशी सगळी चौकशी झाली. तो म्हणाला, दिवाळीला पाणी सोडतील तेव्हा या. हर की पौडीवरून येतं, इथे लोक त्यात नहातात, वजू करतात. अम्माला थांबायचं होतं. पण आमचं परतीचं रिझर्वेशन दुसऱ्याच दिवशीचं होतं.