वही ठेवा, मूत्रपिंड सांभाळा



आज आम्ही तुमच्याशी मूत्रपिंडाच्या आजाराविषयी बोलणार आहोत. मूत्रपिंड म्हणजे किडनी. "अमक्याची किडनी गेली," असं कुणी म्हटलं की ऐकणारा चुकचुकतो. जणू माणूसच गेला! पण तसे नाही. हा आजार मुळातून जात नाही, हे खरे. परंतु मापाने वागणारा माणूस त्याच्यासह पुष्कळ वर्षे जगू शकतो.

मूत्रपिंडे दोन असतात. कमरेच्या थोडी वर, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, मोठेपणा मुठीएवढा. आपण धान्य चाळतो, तसे ती रक्त चाळतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळले जाते. त्यातले बहुतेक परत रक्तात जाते. दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडते, आणि त्याबरोबर शरीरातली घाण जाते. रक्त वाढवणे, हाडे बळकट ठेवणे, या कामांतही मूत्रपिंडांचा वाटा असतो.

ही चाळणी हळूहळू निकामी होते, तो जुनाट आजार. त्याची मोठी कारणे दोन: मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. मुतखडा दुर्लक्षिला, वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या, तरीही मूत्रपिंड बिघडते. काही घराण्यांत तो वारशाने येतो.

या आजाराची खोड अशी की तो बोलत नाही. अर्धे काम बंद पडले तरी दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज, सकाळी तोंड सुजणे, लघवीला फेस, अन्न नकोसे होणे, अंगाला खाज, धाप, ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. म्हणून ज्याला साखर किंवा बीपी आहे, त्याने दुखण्याची वाट पाहू नये. वर्षातून एकदा तरी लघवी आणि रक्त तपासून घ्यावे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तुम्ही वाचायला शिकलात. आकडे ओळखता. मग तपासणीचा कागद घडी घालून फळीवर का ठेवता? तो वाचा. त्यावर 'क्रिएटिनिन' असा शब्द असतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण १ च्या आसपास किंवा थोडा कमी असतो. तो वाढत गेला, म्हणजे घाण साचते आहे. दुसरा शब्द 'ईजीएफआर'. मूत्रपिंडे किती काम करतात, ते हा आकडा सांगतो. ९० च्या वर असला तर बहुधा चांगला. तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर जुनाट आजार समजतात. १५ च्या खाली गेला, तर डायलिसिसचा विचार करावा लागतो.

एक वही घाला. तारीख, वजन, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, चालू औषधे, असे रकाने पाडा. दर खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. दूधवाल्याचा हिशोब आपण लिहून ठेवतो. मग जिवाचा नको का?

आता पथ्य पाहू. पहिले मीठ. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा, याहून अधिक नको. लोणचे, पापड, खारवलेले मासे, फरसाण यांतले मीठ यातच धरायचे. सैंधव चालते, असं कुणी सांगेल. पण सैंधव हेही मीठच. 'कमी सोडियमचे' म्हणून विकतात, त्या मिठात पोटॅशियम असते. ते या रोग्याला घातक ठरू शकते.

दुसरे पाणी. "पाणी भरपूर प्या, किडनी धुऊन निघेल," हा सल्ला सर्वांना लागू नाही. सूज आली, लघवी कमी झाली, की डॉक्टर पाण्याचे माप ठरवून देतात. त्या मापात चहा, ताक, आमटी, सारे आले. एक तांब्या त्यासाठी बाजूला ठेवा.

तिसरे फळे. रक्तात पोटॅशियम वाढले, की केळी, नारळपाणी, मोसंबी बंद करावी लागतात. ते वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. कमरख हे आंबट फळ तर या रोग्याने तोंडालाही लावू नये.

चौथे, अंगदुखीची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नका. भस्मे, मुळ्या, गावोगाव हिंडणाऱ्या वैदूची पुडी, यांपासूनही दूर राहा. अशा काही पुड्यांत शिसे, पारा असतो.

मूत्रपिंडे फारच थकली, की डायलिसिस. यंत्रातून रक्त फिरवून ते साफ करतात. एका वेळेला सुमारे चार तास लागतात. आठवड्यातून दोन-तीन पाळ्या असतात. त्यासाठी हातातल्या दोन नसा जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका, ओझे उचलू नका. रोज बोटाने तिथली थरथर पाहा. ती थांबली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आमचा एक जुना विद्यार्थी आज शेती करतो. पुतणीच्या लग्नाच्या धांदलीत त्याने दोन पाळ्या चुकवल्या. मांडवात सरबतही झाले, ताकही झाले. तिसऱ्या रात्री श्वास कोंडला. जीपमध्ये बसवून नेले, म्हणून वाचला. त्याची बायको आता म्हणते, "गुरुजी, पाटाच्या पाण्याची पाळी चुकली तर पीक जातं. ही चुकली तर धनी जातो." याहून नेमके आम्हालाही सांगता येणार नाही.

पैशांची काळजी सर्वांनाच असते. त्यासाठी जमीन विकायला धावू नका. आधी विचारा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन त्याला भेटा. केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. त्यात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयात ही सेवा मोफत मिळते.

दुसरा मार्ग मूत्रपिंड बदलण्याचा. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले. ते चांगले चालले. आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरला यश आले. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगू शकतो. पण घरात दाता शोधताना सर्वांची नजर आई आणि बायको यांच्याकडेच का वळते? भावांनी, बापानेही पुढे यावे. मूत्रपिंड विकणे व विकत घेणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. दलालाच्या नादी लागू नका.

शेवटी घरच्यांना सांगणे. रोग्याला ओझे समजू नका, आणि त्याच्यासमोर उसासे टाकू नका. जमेल ते काम त्याला करू द्या. घरातली भाजी सर्वांसाठीच कमी मिठाची करा. म्हणजे एकट्याला वेगळे ताट पडणार नाही, आणि बाकीच्यांची मूत्रपिंडेही सुखी राहतील.

आज घरी गेलात की तो जुना कागद फळीवरून काढा. त्यावरचे आकडे स्वतः वाचा. मग वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला.