आवाज धावू लागतो तेव्हा

मध्यंतरी एका खेड्यातील शाळेचे गुरुजी माझ्याकडे एक डीव्हीडी घेऊन आले. गावच्या एका वृद्ध आजीबाई जात्यावर दळता दळता ओव्या म्हणत आहेत, असे चाळीस मिनिटांचे चित्रीकरण तीवर होते. चित्र एका यंत्रावर घेतलेले, आवाज दुसऱ्या, अधिक चांगल्या यंत्रावर. मग दोन्ही जुळवून तबकडी केलेली. ती शाळेत लावली तेव्हा आजीबाईंची नात म्हणाली, "ही माझी आजी नव्हेच!" आणि आजीबाई तोवर निवर्तल्या होत्या. मूळ आवाजही कोणी पुसून टाकला होता. उरली ती ही एवढी तबकडी.

मी ती लावून पाहिली. आवाज एखाद्या पोरसवदा मुलीचा वाटे. पहिल्या ओवीला ओठ आणि शब्द जुळत होते, पुढे शब्द पळत सुटले. शेवटची सव्वातीन मिनिटे तर जाते फिरते आहे आणि आवाज मुळीच नाही!

असे का व्हावे? संगणकातला आवाज सलग नसतो. दर सेकंदाला त्याची हजारो मोजमापे घेतात. त्यांना नमुने म्हणू. गाण्याच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, तर डीव्हीडीवरच्या चित्रपटासाठी सामान्यतः ४८,००० नमुने. आता रहाट डोळ्यांपुढे आणा. माळेवरचे पोहरे तेवढेच, पण बैल जोरात हाकला तर माळ लवकर फिरून होते. इथे नेमके तेच झाले. नमुने ४४,१०० च्या हिशेबाने घेतलेले, आणि वर चिठ्ठी चिकटवली ४८,००० ची. चाळीस मिनिटांचा आवाज ३६ मिनिटे ४५ सेकंदांत संपला. बरे, वेग वाढला की स्वरही चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस अशा तबकडीवर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, म्हणजे पेटीवर त्याची पट्टीच सापडत नाही.

तुमच्या तबकडीत काय बिघडले आहे हे ओळखायला घड्याळ पुरे. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे किंवा पुढे असेल तर वेगाचा दोष नाही. आवाज तेवढा सरकवून द्या. फरक सुरुवातीला थोडा आणि पुढे वाढत जाणारा असेल, तर मात्र वेगच चुकला म्हणून समजा. मूळ लांबी आणि आताची लांबी यांचा भागाकार करा. ४० ला ३६.७५ ने भागले की १.०८८ येते, आणि ४८,००० ला ४४,१०० ने भागले तरी तेच. चोर सापडला! भागाकार १.०४ च्या आसपास आला तर चोर निराळा. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रांनी चालते, आपल्याकडच्या दूरदर्शन पद्धतीत २५ चित्रे. अडीच तासांचा चित्रपट तिथे १४४ मिनिटांत आटोपतो; चित्रच धावते, म्हणून आवाजालाही त्याच्याबरोबर धावविणे भाग असते. तिथे आमचा हा उपाय लावाल तर जुळलेलेही बिघडेल.

आता उपाय. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन क्रिया असतात, आणि भलेभले त्यांत घोटाळा करतात. एक, नुसती चिठ्ठी बदलणे: नमुने तेच, वेग निराळा. दुसरी, नमुने नव्याने काढणे: वेग तोच, पण दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नमुने हिशेबाने बसविणे. मुळात हवी होती ती दुसरी; झाली होती पहिली. म्हणून गुरुजींना सांगितले, की आधी तबकडीची एक नक्कल करून ठेवा. मग आवाज वेगळा काढून चिठ्ठी परत ४४,१०० ची लावा, लांबी चाळीस मिनिटे भरते का पाहा, आणि मगच नवे ४८,००० नमुने काढून चित्राशी जोडा. नमुने हरवले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले. तबकडीवर चढविताना आवाज दाबून लहान करतात, त्यात थोडी झीज होते. ती काही भरून येत नाही.

आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला. तबकडी त्यांनी नातीच्या घरीच नेऊन लावली होती. तिसऱ्या ओवीनंतर आजीबाई थांबून खोकतात. नात म्हणाली, "हां, हा तिचाच खोकला," आणि आत जाऊन आईला बोलावून घेऊन आली.