मिठाची बरणी आणि दुसरा झटका

बोलता बोलता जीभ जड होते, हातातला कप निसटतो, तोंड एका बाजूला किंचित ओढले जाते. थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते आणि घरातले म्हणतात, "पित्त झालं असेल, झोपा जरा." मेंदूला येणारा हा हलका झटका सौम्य असतो, म्हणूनच फसवा असतो. पुढचे काही दिवस, काही आठवडे मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तर घ्याव्याच लागतात. प्रश्न असतो तो गोळ्यांखेरीज काय करायचे, याचा. उत्तरादाखल बहुधा सल्ले मिळतात: चाला, तंबाखू सोडा, खारट कमी खा.

हे सल्ले भारतात एकदा कसोटीला लागले. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या 'स्प्रिंट इंडिया' चाचणीत ३१ केंद्रांतले ४,२९८ रुग्ण होते, सगळे पहिला झटका येऊन गेलेले. निम्म्यांना मोबाइलवर संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका मिळाली, तीही १२ भाषांत. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू ओढवलेल्यांचे प्रमाण संदेशवाल्यांत ५.५ टक्के निघाले आणि बाकीच्यांत ४.९. म्हणजे फरक पडलाच नाही! धूम्रपान आणि दारू कमी झाली, गोळ्या वेळेवर घेतल्या जाऊ लागल्या, हे खरे. आणि एका वर्षात याहून जास्त दिसणे कठीणच होते.

चीनमधल्या डॉक्टरांनी आणि सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटने उपदेशाच्या फंदात न पडता थेट चुलीपाशीच बदल केला. उत्तर चीनमधली ६०० खेडी निवडली, माणसे जवळपास २१ हजार. निम्म्या गावांतल्या सहभागींच्या कुटुंबांना वेगळे मीठ फुकट दिले: त्यात ७५ टक्के नेहमीचे सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. स्वयंपाकालाच नव्हे, तर भाज्या खारवायलाही पुरेल इतके. बाकी जेवण तेच. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा मेंदूच्या झटक्यांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले होते.

यातल्या १५ हजारांहून अधिक लोकांना आधीच झटका येऊन गेलेला होता. त्यांचा वेगळा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला: पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी, मृत्यूचे १२ टक्क्यांनी. वरचा रक्तदाब उतरला होता सरासरी जेमतेम दोन-तीन अंकांनी. पण सोडियम घटले, पोटॅशियम वाढले आणि हा थोडासा उतार वर्षानुवर्षे टिकला. कोणाला रोज निग्रह करावा लागला नाही, हेच या उपायाचे बळ.

आपल्याकडेही 'लो सोडियम' नावाने असे मीठ मिळते. सैंधव मात्र त्यातले नव्हे. रंग गुलाबी असला तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय बरणी बदलून वडापाव, फरसाण आणि पापड बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, त्यात हे सगळे धरलेले आहे.

चालण्याचा पुरावा त्या मानाने कच्चा आहे. मेंदूतली रक्तवाहिनी अरुंद झालेल्या रुग्णांवरच्या 'सॅम्प्रिस' या अमेरिकी चाचणीत नियमित व्यायाम करणाऱ्यांना पुन्हा त्रास कमी झाला. पण जे मुळात बरे होते तेच व्यायाम करू शकले, असेही असेल. तरीही चालावे, रक्तदाब आणि साखर त्याने उतरतेच.

एक इशारा महत्त्वाचा. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियमयुक्त मीठ जिवावर बेतू शकते. चीनमधल्या चाचणीतूनही गंभीर मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना वगळले होते. तेव्हा मिठाचे पाकीट आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी करून घ्या, आणि मीठ बदलले म्हणून एकही गोळी मनाने बंद करू नका.